नॅनो लोखंड पाण्यातलं विष काढतं म्हणे. मग ते विष जातं कुठे?

गेल्या महिन्यात मामेभावाने एक व्हिडिओ पाठवला. काचेच्या भांड्यात पिवळं पाणी. कुणीतरी त्यात चिमूटभर काळी पावडर टाकतं, काडीने ढवळतं आणि भांड्याला बाहेरून लोहचुंबक लावतं. काळा गाळ सरकत सरकत चुंबकाच्या बाजूला जमतो, उरलेलं पाणी नितळ. खाली ठळक अक्षरांत: ‘नॅनो आयर्न. आता आरओ विसरा.’ पाठोपाठ त्याचा मेसेज: "ताई, ही पावडर कुठं मिळते? बोअरमध्ये टाकून बघावं म्हणतो."

त्याच्या बोअरच्या एका अंगाला ऊस आहे, दुसऱ्या अंगाला थोड्या अंतरावर एमआयडीसी. त्यामुळे प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ‘एवढ्यात टाकू नकोस’ इतकंच मी फोनवर म्हटलं. का नको हे फोनवर सांगून होईना, म्हणून हे लिहायला घेतलं.

मोरचुदातला खिळा

शाळेत हा प्रयोग बहुतेकांनी केलेला असतो. मोरचुदाच्या निळ्या पाण्यात लोखंडी खिळा सोडायचा. (द्राक्षबागायतदारांना मोरचूद वेगळं सांगायला नको, बोर्डो मिश्रणातलं तेच.) थोड्या वेळाने खिळा वर काढला की त्यावर तांबूस लेप चढलेला असतो आणि निळं पाणी फिकट हिरवट व्हायला लागलेलं असतं. पाण्यात विरघळलेलं तांबं बाहेर येऊन खिळ्यावर बसलं आणि त्याच्या बदल्यात थोडं लोखंड पाण्यात उतरलं.

इथे लोखंडाच्या अणूने आपल्याकडचे दोन इलेक्ट्रॉन तांब्याला देऊन टाकले. लोखंडाचा हात मुळातच सैल. समोर कुणी गरजू दिसला की इलेक्ट्रॉन सोडायला ते तयारच असतं. पावसाळ्यात गेट गंजतं तेव्हाही हेच चाललेलं असतं, फक्त घेणारा हवेतला ऑक्सिजन असतो. समोरच्याला असे इलेक्ट्रॉन मिळण्याला पाठ्यपुस्तकात ‘क्षपण’ म्हणतात. तो शब्द इथेच ठेवू, पुढे साधं ‘इलेक्ट्रॉन देणं’ म्हणू.

आता तांब्याच्या जागी एखादं विषारी रसायन ठेवा. त्यालाही इलेक्ट्रॉनची भूक असेल, तर लोखंड त्यालाही देईल आणि देता देता त्याचं रूप बदलून टाकेल. व्हिडिओतल्या ‘जादू’चा पाया एवढाच. गंजणं हा लोखंडाचा दोष समजून आपण त्यावर रंग मारतो. इथे तोच दोष कामाला लावलाय.

तोडणं, बदलणं, धरून ठेवणं

लोखंड सगळ्या रसायनांशी एकसारखं वागत नाही. त्याची कामं तीन, आणि ती वेगळी ओळखता आली पाहिजेत.

पहिलं काम तोडायचं. कारखान्यात धातूच्या भागांवरचं ग्रीस काढायला ट्रायक्लोरोइथिलीन नावाचा द्राव वर्षानुवर्षं वापरला गेला, थोडक्यात टीसीई. तो कर्करोगकारक आहे. त्याच्या रेणूला क्लोरीनचे तीन अणू चिकटलेले असतात. लोखंडाने इलेक्ट्रॉन दिले की हे क्लोरीन एकेक करून सुटतात, साध्या मिठात असतात तसे क्लोराइड होऊन पाण्यात मिसळतात, आणि मागे मुख्यतः इथिलीन आणि इथेन हे वायू उरतात. कच्ची फळं पिकवायला वापरतात तेच हे इथिलीन. इथे विष खरोखर संपलं. मात्र काम अर्धवट राहिलं तर मधल्या टप्प्यावर व्हिनाइल क्लोराइड तयार होऊ शकतं, आणि तेही कर्करोगकारकच. तोडायचं तर शेवटपर्यंत तोडावं लागतं.

दुसरं काम बदलायचं. याचं उदाहरण क्रोमियम. क्रोमियमच्या दोन अवस्था पाण्यात भेटतात. एक हेक्साव्हॅलंट: पिवळं, पाण्यात सहज विरघळणारं, अतिशय घातक. दुसरी ट्रायव्हॅलंट: हिरवट, पुष्कळ कमी विषारी, आणि पाणी आम्लधर्मी नसेल तर न विरघळता तळाला बसणारी. आपण त्यांना पिवळं क्रोमियम आणि हिरवं क्रोमियम म्हणू. पिवळ्याला तीन इलेक्ट्रॉन मिळाले की ते हिरवं होतं.

एका लहान प्लेटिंगच्या शेडमध्ये मी हे जवळून पाहिलंय. क्रोमच्या टाकीतून काढलेले सुटे भाग जिथे धुतात, ते धुवण निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपात साठवलेलं होतं. रंग हळदीच्या पाण्यासारखा. कामगाराने आधी थोडं ॲसिड ओतलं, मग हिराकसाचे पोपटी खडे टाकून बांबूने ढवळायला लागला. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. थोडे इलेक्ट्रॉन आधीच देऊन बसलेलं, पण अजून एक द्यायला तयार असलेलं लोखंड. ढवळता ढवळता पिवळेपणा गेला, पाणी हिरवट झालं. मग त्याने चुन्याची निवळी सोडली आणि पिंपाच्या तळाला हिरवट तपकिरी चिखल बसू लागला. "झालं," तो म्हणाला. झालं नव्हतं. तो चिखल पोत्यात भरून घातक कचऱ्याच्या केंद्रावर जायचा होता. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी अशा ठिकाणी ही केंद्रं आहेत. क्रोमियमचा एकही अणू नाहीसा झाला नव्हता, ते फक्त पाण्यातून चिखलात गेलं होतं.

तिसरं काम धरून ठेवायचं. आर्सेनिकला तोडता येत नाही, कारण ते मूलद्रव्यच आहे. पण गंजाला ते घट्ट चिकटतं. या चिकटण्याला ‘अधिशोषण’ असा जड शब्द आहे. जिलबीत पाक मुरतो ते शोषण, अनारशाच्या अंगाला खसखस चिकटते ते अधिशोषण. आर्सेनिक ही खसखस, गंजाचा कण हा अनारसा.

व्हिडिओतलं पिवळं पाणी यातलं कुठलं होतं? बहुधा तिसरं. त्यात नुसता कापडाचा रंग असेल आणि तो काळ्या कणांना चिकटून चुंबकाबरोबर बाजूला गेला असेल. दिसायला झकास, पण रंग तुटला नाही. तो त्या काळ्या गाळात बसलाय.

मग नॅनो कशाला? खिळे टाकले असते

हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, आणि तो भावाच्या बायकोने विचारला.

इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण होते ती लोखंडाच्या पृष्ठभागावर. खिळ्याच्या पोटातलं लोखंड बंद तिजोरीतल्या पैशासारखं, असून उपयोग नाही. म्हणून पृष्ठभाग वाढवायचा. एक सेंटिमीटर लांबी, रुंदी, उंचीचा लोखंडाचा ठोकळा घ्या. वजन साधारण ८ ग्रॅम. त्याच्या सहा बाजू मिळून ६ चौरस सेंटिमीटर, म्हणजे एका लहानशा टपाल तिकिटाएवढी जागा. तोच ठोकळा एकेक मिलिमीटरच्या हजार तुकड्यांत चिरला तर जागा होते ६० चौरस सेंटिमीटर. आणि ५० नॅनोमीटरचे तुकडे केले तर? १२० चौरस मीटर. आपल्या भाषेत जवळजवळ १,३०० चौरस फूट. लोखंड तेवढंच, ८ ग्रॅम. तिकिटाचा ऐसपैस फ्लॅट झाला.

नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. डोक्यावरचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. १०० नॅनोमीटरपेक्षा लहान कणांना नॅनो कण म्हणायची पद्धत आहे.

पृष्ठभाग वाढला की स्वभावही तापट होतो. लोखंडी पहार विस्तवात धरली तर नुसती लाल होते. फुलबाजीतला लोखंडाचा कीस ठिणग्या होऊन उडतो. नॅनो लोखंड त्याच्याही पुढचं. कोरडं आणि उघडं ठेवलं तर हवा लागताच आपोआप पेट घेऊ शकतं. म्हणून ते पाण्यात कालवलेल्या काळ्या रबडीच्या रूपात नेतात, किंवा कणावर मुद्दाम गंजाचा पातळ थर चढवून त्याला शांत करतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

प्रयोगशाळेत ते बनवतात असं: लोखंडाच्या क्षाराच्या द्रावणात सोडियम बोरोहायड्राइड थेंब थेंब सोडायचं. द्रावण काळं पडतं, हायड्रोजनचे बुडबुडे फसफसतात आणि काळा गाळ मिळतो. बोरोहायड्राइड महाग, त्यामुळे मालही महाग. म्हणून काहींनी चहाच्या अर्कातून ‘हिरव्या’ पद्धतीने नॅनो लोखंड बनवलं. कल्पना छान, पण त्यात खरं धातूचं लोखंड किती आणि लोखंड व टॅनिन (चहातलं तुरट द्रव्य) यांचं संयुग किती, यावर जाणकारांत वाद आहे. हिरडा आणि हिराकस एकत्र करून पोथ्यांसाठी काळी शाई करणाऱ्यांना तो काळा रंग ओळखीचा वाटला असता.

कॅनडातली भिंत, न्यू जर्सीतली जमीन

ही विद्या सापडली एका चुकत्या हिशोबातून. १९८०च्या दशकात कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठात भूजलाचे नमुने कुठल्या साहित्यातून घ्यावेत याचा अभ्यास चालू होता. धातूच्या संपर्कात राहिलेल्या पाण्यात टीसीईच्या जातीची रसायनं असायला हवीत त्यापेक्षा कमी सापडत होती. नमुना खराब झाला म्हणून ते बाजूला टाकता आलं असतं. रॉबर्ट गिलहॅम यांनी त्यात इलाज पाहिला: नमुन्यातलं विष धातू खात असेल, तर जमिनीखालचंही खाईल.

जमिनीखालच्या टीसीईने तेव्हा सगळ्यांना जेरीस आणलं होतं. ते पाण्यापेक्षा जड, त्यामुळे झिरपत खोल जातं आणि मातीच्या बारीक फटींत दडून बसतं. पाणी उपसून वर आणून शुद्ध करायचं म्हटलं तर दहा-वीस वर्षं उपसा केला तरी थोडं थोडं येतच राहतं. लोणच्याची प्लॅस्टिकची बरणी कितीही घासा, वास पुन्हा येतो, तसं.

गिलहॅम आणि स्टेफनी ओ’हॅनेसिन यांनी १९९१मध्ये ओंटारियोतल्या बॉर्डन इथे जमिनीत लोखंडाचा कीस आणि वाळू यांची भिंत घातली. आपल्याकडच्या ओढ्यांवर जाळीत दगड भरून गॅबियन बंधारे बांधतात ते आठवा. पाणी दगडांतून निघून जातं, गाळ अडतो. ही भिंत तशीच, फक्त जमिनीच्या पोटात: भूजल आपल्या वेगाने तिच्यातून वाहत जातं आणि जाता जाता टीसीई तुटत जातं. ना पंप, ना वीज. १९९६ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या एलिझाबेथ सिटी इथे अमेरिकी तटरक्षक दलाच्या तळावर अशीच ४६ मीटर लांब, ७.३ मीटर खोल आणि ०.६ मीटर जाड भिंत उभी राहिली. तिथल्या प्लेटिंगच्या शेडखालून पिवळं क्रोमियम नदीकडे सरकत होतं. त्या पाण्यात टीसीईही होतं, त्यामुळे एकाच भिंतीला तोडण्याची आणि बदलण्याची दोन्ही कामं लागली.

पण भिंत घालायची म्हणजे चर खणणं आलं. वर इमारत असेल, विष खूप खोल असेल, तर चर कुठे खणणार? इथे नॅनो कण येतात. चीनमधून अमेरिकेत गेलेले वेइ-शियान झांग यांनी लीहाय विद्यापीठात १९९७मध्ये नॅनो लोखंड टीसीईला किती झपाट्याने तोडतं ते दाखवलं. पुढे न्यू जर्सीतल्या ट्रेंटनमध्ये एका कारखान्याच्या आवारात त्यांनी हे कण, वर पॅलेडियम या मौल्यवान धातूचा थोडा हात देऊन, पाण्यात कालवून जमिनीत सोडले. दोन दिवसांत सगळे मिळून १.७ किलो. पुढच्या ४ आठवड्यांत तिथल्या टीसीईत ९६ टक्क्यांपर्यंत घट दिसली. २००१मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि नॅनो लोखंडाचा बोलबाला सुरू झाला.

पावणेदोन किलो काळ्या रबडीने हे केलं, हे वाचून मीही तेव्हा हरखले होते. त्या ‘९६ टक्क्यांपर्यंत’मधला ‘पर्यंत’ नंतर दिसला.

साबुदाण्याचा गोळा

नॅनो लोखंडाचं सगळ्यात मोठं दुखणं रसायनशास्त्रातलं नाही, चालण्यातलं आहे. लोखंडाचे कण चुंबकासारखे एकमेकांना ओढतात. बरणीतून सुटताना नॅनो असलेला कण जमिनीत पोचेपर्यंत शेकडो भाऊबंदांना चिकटून गोळा होतो आणि बोअरच्या तोंडापासून फारसा न हलता मातीत अडकतो. विष वीस फुटांवर, औषध दाराशीच.

साबुदाण्याची खिचडी करणाऱ्यांना यावरचा उपाय माहीत आहे. दाण्याचं कूट नीट लावलं की साबुदाणा मोकळा राहतो. कणांनाही असंच काहीतरी लावायचं. संशोधकांनी बरेच लेप वापरून पाहिले, त्यातला एक गवारीच्या बियांचा डिंक. जगातली बहुतेक गवार भारतात, त्यातही मुख्यतः राजस्थानात पिकते. आइस्क्रीम दाट करायला जाणारा हाच गवारगम इटलीतल्या संशोधकांनी लोखंडाच्या कणांना लावून पाहिला, आणि कण पाण्यात जास्त वेळ मोकळे राहिले.

दुसरं दुखणं असं की लोखंडाला पाण्याचंही वावडं नाही. विष येईपर्यंत वाट बघत ते थांबत नाही. पाण्यालाच इलेक्ट्रॉन देत, हायड्रोजन सोडत, गंजत राहतं. त्यामुळे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत त्याचा जोर संपतो आणि पुन्हा डोस द्यावा लागतो. कणाला गंधकाचा पातळ थर दिला तर ही उधळपट्टी कमी होते, असं अलीकडचं काम सांगतं.

आणि आपल्याकडे तिसरीही अडचण आहे. बॉर्डनची जमीन वाळूची होती. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग बेसॉल्टच्या काळ्या कातळावर आहे. इथे भूजल वाळूतून पसरत नाही, कातळातल्या भेगांतून आणि सांध्यांतून पळतं. शेजारशेजारच्या दोन बोअरांना वेगळं पाणी लागतं हे गावात कुणीही सांगेल. अशा जमिनीत सोडलेली रबडी कुठल्या भेगेतून कुठे जाईल याचा नेम नाही.

भावाला मी हेच सांगितलं: बोअरमध्ये टाकलेली पावडर विषापर्यंत जाणार नाही, तुझ्या पंपात जाईल.

बंगालमधलं आर्सेनिक

आतापर्यंत जमिनीखालची सफाई झाली. पिण्याच्या पाण्यात लोखंडाचं खरं मोठं काम आहे ते आर्सेनिकवर, आणि त्यासाठी बंगालमध्ये जावं लागतं.

तळ्यांचं पाणी पिऊन पोरं जुलाबाने दगावत होती, म्हणून १९७०च्या दशकात बांगलादेशात युनिसेफच्या मदतीने लाखो हातपंप बसवायला सुरुवात झाली. पश्चिम बंगालमध्येही हातपंप सर्वत्र पोचले. पाणी स्वच्छ, गार, जंतूविरहित. त्यात आर्सेनिक आहे हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. १९८३मध्ये कोलकात्यातले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे तळहात-तळपायांवर कडक गाठी आणि अंगावर पावसाच्या थेंबांसारखे डाग घेऊन रुग्ण आले, आणि धागा हातपंपापर्यंत पोचला.

आर्सेनिकची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम. म्हणजे किती? १०,००० लिटरचे शंभर टँकर उभे करा. त्या सगळ्या पाण्यात मिळून १० ग्रॅम, साखरेच्या मापाने दोन चमचे. त्याहून जास्त नको. चव नाही, वास नाही, रंग नाही.

बांगलादेशातल्या कुष्टियाचे, पुढे अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात शिकवणारे रसायनशास्त्रज्ञ अबुल हुसाम यांनी यावर ‘सोनो’ फिल्टर काढला. एकावर एक दोन बादल्या. वाळू, लाकडी कोळसा, विटांचे तुकडे, आणि या सगळ्यात मुख्य म्हणजे बिडाच्या कीसापासून केलेला लोखंडी थर. लेथवर निघणारा भुगा, भंगारात जाणारा. तो गंजत राहतो आणि त्याचा ताजा गंज आर्सेनिक धरत राहतो. २००७मध्ये या फिल्टरला १० लाख डॉलरचं ग्रेंजर पारितोषिक मिळालं. यात नॅनोची जाहिरात कुठेच नाही, पण ताज्या गंजाचे कण मुळातच अतिसूक्ष्म असतात.

आपल्याकडे आयआयटी मद्रासमध्ये टी. प्रदीप यांच्या गटाने हीच कल्पना नीट बांधून काढली. गंजाच्या अनेक जाती आहेत. त्यातली ताजी, विस्कळीत जात आर्सेनिकला सर्वांत जास्त जागा देते, पण तशीच ठेवली तर हळूहळू ‘पिकते’, घट्ट होते आणि जागा कमी होतात. प्रदीप यांच्या गटाने ती कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या कायटोसान नावाच्या पदार्थाच्या जाळ्यात अडकवली, म्हणजे ती कच्चीच राहते. वर त्याचे टणक दाणे होतात, सुटी पूड पाण्यात जात नाही. ‘अमृत’ या नावाने हे फिल्टर पश्चिम बंगालसह आर्सेनिकच्या पट्ट्यात बसले आहेत.

आणि तो चुंबक? तोही खोटा नाही. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात २००६मध्ये १२ नॅनोमीटरचे मॅग्नेटाइटचे कण (हेही लोखंडाचंच ऑक्साइड) आर्सेनिक धरतात आणि साध्या, कमी ताकदीच्या चुंबकाने पाण्याबाहेर ओढता येतात, हे दाखवलं गेलं. व्हिडिओवाल्याने रंगाच्या पाण्यावर तेच केलं.

एक खोच मात्र राहते. पाण्यात फॉस्फेट असेल तर ते आर्सेनिकच्या आधी जागा धरतं, कारण दोघांची ठेवण सारखी. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट अडवावी तसं. प्रयोगशाळेत शुद्ध पाण्यात आर्सेनिक घालून काढलेला आकडा गावच्या हातपंपावर म्हणूनच येत नाही.

धरलेलं सुटतं तेव्हा

आता मला खरं सांगायचंय त्याकडे येते. बंगालच्या पाण्यात आर्सेनिक आलं कुठून? कुणी टाकलं नाही. हिमालयातून वाहून आलेल्या गाळात गंजाचे कण होते आणि त्यांना आर्सेनिक चिकटलेलं होतं. वर नवा गाळ बसला, ऑक्सिजन पोचेनासा झाला. कुजणाऱ्या पालापाचोळ्यावर जगणाऱ्या जिवाणूंनी मग श्वासासाठी गंजच वापरला. गंज विरघळला आणि त्याने धरलेलं आर्सेनिक पाण्यात सुटलं.

म्हणजे ज्या गंजावर आपण फिल्टर उभा केला, त्याच गंजाने जमिनीखाली दगा दिला होता. तर मग वापरून झालेला, आर्सेनिकने भरलेला फिल्टरचा माल गावाने तळ्याकाठी किंवा उकिरड्यावर ओतला तर काय होईल? कुजणारा ओला कचरा आणि ऑक्सिजन नाही, अशी सगळी सोय तिथे तयार असते. विष परत पाण्यात.

फिल्टर विकणाऱ्याला ‘किती टक्के काढतो?’ हे सगळे विचारतात. ‘काढलेलं कुठे ठेवायचं आणि ते नेणार कोण?’ हे कुणी विचारत नाही. टीसीईच्या बाबतीत हा प्रश्न नाही, ते तुटून जातं. क्रोमियम आणि आर्सेनिकच्या बाबतीत हाच प्रश्न मुख्य.

"पण ते बारीक लोखंडच पोटात गेलं तर?"

लोखंड शरीराला लागतं, पालेभाजीतून आपण ते खातोच, हे उत्तर अपुरं आहे. नॅनो आकाराचा कण पेशींशी साध्या लोखंडासारखाच वागेल असं गृहीत धरता येत नाही. प्रयोगशाळेत ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात नॅनो लोखंडाने जिवाणू मारल्याचं दिसलंय. ब्रिटनच्या रॉयल सोसायटी आणि रॉयल अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंग यांनी २००४च्या अहवालात, पुरेसा अभ्यास होईपर्यंत जमीन-पाण्याच्या सफाईसाठी सुटे नॅनो कण सोडू नयेत असं सुचवलं होतं. अमेरिकेत आणि चेक प्रजासत्ताकात मात्र ते अनेक ठिकाणी वापरले गेले.

माझं मत विचाराल तर, पिण्याच्या पाण्यात सुटी नॅनो पावडर टाकायची कल्पनाच नको. दाण्यांत बांधलेला माल, त्यातून पाणी जातंय, दाणा जागेवर: हे वेगळं. जमिनीखाली सोडलेले कण दूर जात नाहीत हा त्यांचा दोष वर सांगितला, सुरक्षिततेच्या बाजूने तो गुण ठरतो.

"घरात आरओ आहेच की"

आहे, आणि तो आर्सेनिक, क्रोमियम, आणि युरियासारख्या खतांतून पाण्यात उतरणारं नायट्रेट बऱ्याच अंशी काढतो. पण एक लिटर पाणी देताना त्याहून जास्त मोरीत सोडतो, आणि काढलेलं विष त्या मोरीच्या पाण्यात असतं. वीज लागते, दाब लागतो. विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तिथे आरओला बंदी घाला, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९मध्ये दिला होता तो या उधळपट्टीपायीच. हातपंपावर आर्सेनिक आलेल्या गावात लोखंडाचे दाणे भरलेलं टाकं जास्त शहाणपणाचं. शहरातल्या खारट बोअरला मात्र लोखंड काही करू शकत नाही. खारटपणा इलेक्ट्रॉन मागतच नाही.

फ्लोराइडचंही तेच. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या फ्लोराइडला नॅनो लोखंडाने तोडता येत नाही. नॉनस्टिक भांड्यांच्या निमित्ताने चर्चेत आलेली ‘कायमची रसायनं’ही नुसत्या लोखंडाला दाद देत नाहीत.

आणि नायट्रेट? नायट्रेटला इलेक्ट्रॉन हवे असतात, लोखंड ते आनंदाने देतं, आणि नायट्रेट खरंच नाहीसं होतं. जाहिरातीत इथे थांबतात. पण त्याचा बहुतेक भाग निरुपद्रवी नायट्रोजन वायू न होता अमोनियम होतो आणि पाण्यातच राहतो. एक दुखणं गेलं, दुसरं आलं.

भावाची बोअर

त्याला मी आधी पाणी तपासून घ्यायला सांगितलं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत नमुना दिला, क्रोमियमही बघा असं मुद्दाम सांगून. रिपोर्ट आला. क्रोमियम नाही. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या बरंच वर. भीती एमआयडीसीची होती, निघालं उसाच्या बाजूने.

"उकळून चालेल?" त्याने विचारलं. नाही, उकळल्याने पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं आणि दाट होतं. घरात तीन महिन्यांचं बाळ आहे. त्याच्या वरच्या दुधाला हे पाणी अजिबात वापरायचं नाही, पिण्यापुरता आरओ बसव, आणि युरियाचे डोस माती तपासून दे, असं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ताई, पावडर मी मागवलीय. आलीसुद्धा."

व्हिडिओ कॉलवर त्याने पाकीट दाखवलं. वर ‘शंभर टक्के नॅनो लोहकण’ असं छापलेलं. मी नको नको म्हणेपर्यंत त्याने कात्रीने कोपरा कापून पसाभर पावडर स्टीलच्या ताटलीत ओतली. काळीभोर, कोरडी. दहा मिनिटं आम्ही दोघं त्या ताटलीकडे बघत बसलो. ठिणगी नाही, धूर नाही. त्याने बोट लावून पाहिलं, गारच. चुंबक फिरवल्यावर तेवढी काट्यासारखी उभी राहिली. साधी लोखंडाची भुकटी असेल, नाहीतर मॅग्नेटाइट. उघडं नॅनो लोखंड असतं तर ताटली धरवली नसती.